ठेकेदाराच्या कपाटातले आपले कागद

आपल्या दारासमोरचा रस्ता ज्यानं बांधला त्या ठेकेदाराचा करारनामा आपल्याला बघता येतो! त्याची बिलं बघता येतात, बिलांमागची मोजमापं बघता येतात, मालाच्या चाचणीचे अहवाल बघता येतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे, त्या रस्त्यात घातलेल्या मालाचा नमुना अर्ज करून, प्रमाणित करून मागता येतो. खडी, रेती, डांबर, सिमेंटचा ब्लॉक, जे असेल ते! माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात हे 2005 पासून पांढऱ्यावर काळं करून ठेवलेलं आहे. कलम 2(जे): कामाची पाहणी, कागदपत्रांची पाहणी, टिपणं, प्रमाणित प्रती, प्रमाणित नमुने. ते कलम मी एकदा मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, मग झोपलेल्या नवऱ्याला उठवून ऐकवलं. तेव्हापासून इथल्या शेजारणींपासून पुण्याच्या मावशीपर्यंत भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

मी राहते लखनौच्या विकास नगरात. शहराच्या उत्तर अंगाला, अलीगंजला लागून, कुर्सी रोडकडे पसरलेली ही सेक्टर-सेक्टरची वस्ती. एरवी बाहेरच्या कुणाला तिचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. पण मार्च 2024 मध्ये इथला रस्ता खचला, भर रस्त्यात भलंमोठं भगदाड पडलं आणि त्याचे फोटो देशभर फिरले. नागपूरहून, ठाण्याहून फोन आले, ‘तुम्ही ठीक आहात ना?’ आम्ही ठीक होतो. पण तेव्हा वस्तीतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता की या रस्त्याखाली नक्की काय आहे, ते कुणी घातलं, कुणी तपासलं, आणि हे सगळं कुठे लिहून ठेवलेलं आहे का? तेव्हा मला वाटायचं की असलं काही लिहिलेलं असलंच तर ते साहेबांच्या कुलपात असणार आणि आपण फक्त वर्तमानपत्र वाचायचं.

आता जरा बघा, आपलं शहर आज चालवतं कोण? कचरा उचलतो ठेकेदार. रस्त्यावरचे दिवे ठेकेदाराकडे, पार्किंग ठेकेदाराकडे, सरकारी दवाखान्यातली सफाई ठेकेदाराकडे. लखनौची सांडपाण्याची व्यवस्था ‘एक शहर, एक ऑपरेटर’ या पद्धतीनं एका खासगी कंपनीकडे दहा वर्षांच्या करारानं दिलेली आहे. त्यात भरवाऱ्याचं दिवसाला 345 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारं प्रचंड केंद्रसुद्धा आलं. नागपूरकरांना तर हे सांगायलाच नको, त्यांचं पिण्याचं पाणी 2012 पासून पंचवीस वर्षांच्या करारानं खासगी कंपनी पुरवते. म्हणजे ज्या वह्यांमध्ये शहराचा रोजचा कारभार लिहिला जातो, कुठला पंप किती तास चालला, कुठलं चेंबर कधी साफ झालं, किती माणसं कामावर आली, त्या वह्या आता सरकारी टेबलावर नसतात. त्या ठेकेदाराच्या कपाटात असतात. मग माहितीचा अधिकार त्या कपाटाच्या दारापाशी संपतो का?

नाही संपत! हेच तर मला सांगायचं आहे.

झालं असं. आमच्या गल्लीत इंटरलॉकिंगचं काम झालं. इथे लोक सिमेंटच्या त्या नागमोडी ब्लॉकना ‘इंटरलॉकिंग’च म्हणतात. पावसाळा आला आणि गल्ली मधोमध बसली. एका कार्यालयात गेले, आणि या कामाचे कागद बघायचे आहेत असं सांगितलं. उत्तर मिळालं, “मैडम, वो सब तो ठेकेदार के पास है।” बोलणारा माणूस उद्धट नव्हता, उलट त्यानं बसायला खुर्ची दिली. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. मी परत आले ते थेट आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त जेई (कनिष्ठ अभियंता) साहेबांकडे. आयुष्यभर त्यांनी अशीच कामं मोजली. त्यांनी चहा मागवला आणि एक वाक्य बोलले, “भाभीजी, ठेकेदार का कागज़ ठेकेदार का नहीं होता।” मग त्यांनी जे काही समजावलं ना, ते ऐकताना माझा चहा गार झाला.

गोष्ट अशी आहे. कायद्यात ‘माहिती’ म्हणजे काय याची भली लांब यादी आहे, कलम 2(एफ) मध्ये. त्यात अभिलेख आहेत, परिपत्रकं आहेत, आदेश आहेत, करारनामे आहेत, अहवाल आहेत, नमुने आहेत. आणि त्यात लॉगबुक आहे! पंपावरच्या ऑपरेटरची, रोड रोलरच्या चालकाची, सांडपाणी केंद्राच्या पाळीची लॉगबुकं, ती सगळी थेट या यादीत बसतात. यादीच्या शेवटी आणखी एक तुकडा आहे. खासगी संस्थेबद्दलची जी माहिती सरकारी कार्यालयाला इतर कुठल्याही कायद्याखाली मागवता येते, तीही ‘माहिती’च. आता पुढचं कलम, ते आधी सांगितलेलं 2(जे). त्यात म्हटलंय की माहिती कार्यालयाकडे असली किंवा कार्यालयाच्या नियंत्रणाखाली असली तरी ती मागण्याचा हक्क आहे. ‘नियंत्रणाखाली’! कागद साहेबांच्या टेबलावर असायलाच हवा असं कायदा म्हणतच नाही. करारात ‘ठेकेदार अमुक रजिस्टर ठेवील आणि मागितल्यावर दाखवील’ असं कलम असेल, तर ते रजिस्टर ठेकेदाराच्या गोदामात पडलेलं का असेना, नियंत्रण कार्यालयाचं आहे. कार्यालयानं ते मागवायचं आणि आपल्याला दाखवायचं.

म्हणून जेई साहेबांचा सल्ला होता की पहिल्या अर्जात बिलं मागू नका, फक्त करारनामा मागा. सगळी गंमत या क्रमात आहे. करारनामा, त्याच्या सर्व अटी-शर्ती, कामाचं अंदाजपत्रक आणि कार्यादेश. तो कागदांचा गठ्ठा हातात आला की पेन्सिल घेऊन बसायचं आणि ठेकेदारानं काय काय लिहून ठेवायचं, काय काय सादर करायचं, त्या प्रत्येक ओळीखाली रेघ मारायची. साइट ऑर्डर बुक, मालाच्या चाचणीचे अहवाल, मजुरांची हजेरी, वेतनाचं रजिस्टर, यंत्रांची लॉगबुकं, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो. मग दुसरा अर्ज त्या कागदांची नावं घेऊन, कराराच्या कलमाच्या क्रमांकासकट. आता ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर टिकत नाही, कारण ते तुमच्याकडे असायला हवं हे तुम्हीच सही करून लिहिलेलं आहे!

आणि ती मोजमाप पुस्तिका! इथे तिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. मला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा वाटलं होतं, रूक्ष आकडे असतील. आकडेच आहेत, पण काय आकडे! जाड पुठ्ठ्याची वही, प्रत्येक पानावर छापील क्रमांक, म्हणजे मधलं पान फाडलं तर लगेच कळावं. डावीकडे कामाचं वर्णन, मग नग, लांबी, रुंदी, खोली आणि शेवटी एकूण परिमाण. खोडाखोड करायची नाही. चुकलं तर रेघ मारून बाजूला सही. जेई मोजतो आणि लिहितो, त्याच्या वरचा अभियंता काही नोंदी स्वतः मोजून पडताळतो आणि तशी सही करतो, ठेकेदारही सही करतो. ज्या पानांचं बिल निघालं त्या पानांवर लाल शाईची तिरपी रेघ, म्हणजे त्याच मोजमापाचे पैसे पुन्हा काढता येऊ नयेत. किती विचार करून बनवलेली आहे ही वही! आजकाल बऱ्याच ठिकाणी ती संगणकावर भरली जाते, पण रकाने तेच.

आमच्या गल्लीच्या वहीत माझं बोट ‘खोली’च्या रकान्यावर थांबलं. ब्लॉकची जाडी, त्याखाली रेतीचा थर, त्याखाली दाबून बसवलेल्या खडीचा थर, प्रत्येकाची खोली वेगळी लिहिलेली. आमची गल्ली कागदावर किती पक्की होती! मग मी कामाच्या पाहणीचा अर्ज केला. ठरलेल्या दिवशी अभियंता आले, मजुरानं पहारीनं एक ब्लॉक उचकटला, आणि गल्लीतली पोरंटोरं, बायका, दूधवाला, सगळे गोल करून वाकून बघू लागले. वर रेती होती. रेतीखाली माती होती. खडीचा जो थर वहीत होता तो जमिनीत नव्हता. अभियंत्यांनी टेप लावला, आकडा बोलून दाखवला, पंचनाम्यावर लिहिला. करारातली दोषदायित्वाची मुदत अजून संपलेली नव्हती, म्हणजे दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करून द्यायची होती. गल्ली पुन्हा उकरली गेली, या खेपेला खाली खडी पडली, आणि ती पडताना बघायला अर्धी गल्ली उभी होती.

हे सगळं आधी कुणी केलं असेल याचा शोध घ्यायला बसले तर डोळेच दिपले. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटना, 1990 पासूनची. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्याबरोबरचे असंख्य मजूर. दुष्काळी कामांवर राबूनही पूर्ण मजुरी हाती का येत नाही, म्हणून त्यांनी हजेरीपट आणि बिलं मागितली, आणि डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात ती सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचली. जनसुनवाई! ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथली. दिल्लीत ‘परिवर्तन’ या संस्थेनं डिसेंबर 2002 मध्ये सुंदरनगरीत तेच केलं, दिल्लीच्या 2001 च्या कायद्याखाली मिळवलेल्या करारांच्या प्रती घेऊन. 68 कामं, सुमारे 1 कोटी 30 लाखांची. लोकांनी गल्लीगल्लीत जाऊन ताडून पाहिलं तर सुमारे 70 लाखांचं काम जमिनीवर सापडेना. हातपंप कागदावर होते, नाल्यांवरच्या लोखंडी जाळ्या कागदावर होत्या. म्हणजे आपल्या देशातला माहितीचा अधिकार जन्मलाच मुळी बांधकामाच्या बिलांतून आणि हजेरीपटांतून! ज्या कागदाला आज ‘तो ठेकेदाराकडे आहे’ म्हणून बाजूला सारलं जातं, त्याच कागदासाठी ही सगळी लढाई झाली होती.

आणि आपला महाराष्ट्र? आपल्याकडे तर केंद्राच्या आधी, 2002 चा राज्याचा कायदा होता. अण्णा हजारेंच्या आंदोलनाचं ते फळ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची टोलवसुली 2004 मध्ये एका कंपनीला पंधरा वर्षांसाठी दिली गेली, 918 कोटी रुपये आगाऊ घेऊन. किती गाड्या गेल्या आणि किती पैसे जमले, हे आकडे जन्मतात कुठे? ठेकेदाराच्या नाक्यावर. पण करारानुसार ते राज्याच्या रस्ते विकास महामंडळाला कळवावे लागतात, आणि महामंडळाकडे आले की ते तुमचे-आमचे! पुण्याच्या सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर, संजय शिरोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच आकडे वर्षानुवर्षं चिकाटीनं गोळा केले, बेरजा मारल्या आणि टोलच्या हिशेबाची चर्चा सामान्य माणसाच्या तोंडी आणली. पुण्यातच महापालिकेत सोमवारी दुपारी जाऊन फाइली बघण्याची प्रथा पडली, आणि 2018 मध्ये राज्य शासनानं जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांसाठी तसा निर्णय काढला: सोमवारी दुपारी 3 ते 5, या आणि बघा. मावशीला मी म्हटलं, “अगं, तुमच्या पुण्यात हे सगळं घडलं आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?” ती म्हणाली, “तू कधी विचारलंस?”

अडथळे आहेत, आणि ते माहीत असलेले बरे. पहिला अडथळा कलम 8(1)(डी): व्यापारी गोपनीयता. ठेकेदार म्हणतो, माझे दर उघड झाले तर प्रतिस्पर्धी फायदा घेतील. निविदा उघडण्याआधी हे म्हणणं मी समजू शकते. काम मिळाल्यावर, सरकारी तिजोरीतून पैसे उचलल्यावर कसली गोपनीयता? कायद्यातच म्हटलं आहे की व्यापक जनहित असेल तर ही माहितीही द्यावी लागते. दुसरा अडथळा कलम 11: तिसऱ्या पक्षाची माहिती. इथे अधिकारी सांगतात, ‘ठेकेदारानं नकार दिला, सबब देता येत नाही.’ अहो, पण कलम नीट वाचा! ठेकेदाराला पाच दिवसांत नोटीस द्यायची, त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस द्यायचे, आणि निर्णय अधिकाऱ्यानं घ्यायचा. ठेकेदाराला नकाराधिकार दिलेलाच नाही. तिसरं, एखाद्या पानावर खरोखरच गोपनीय काही असेल तर कलम 10 आहे, तेवढा भाग झाकून बाकीचं पान द्या.

न्यायालयंही आपल्या बाजूनं बोललेली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाचा 25 सप्टेंबर 2009 चा पूर्ण प्रज्ञा पब्लिक स्कूलचा निकाल मला फार आवडला. शाळा खासगी, विनाअनुदानित. कुणीतरी शिक्षण संचालनालयाकडे तिच्या कारभाराची कागदपत्रं मागितली. शाळा म्हणाली, आम्ही सरकारी नाही. न्यायालयानं सांगितलं, दिल्लीच्या शालेय शिक्षण कायद्याखाली संचालनालयाला हे कागद मागवता येतात ना, मग नागरिकालाही संचालनालयामार्फत ते मिळू शकतात. आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डीएव्ही महाविद्यालयांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की शासनाच्या भरीव पैशावर चालणाऱ्या खासगी संस्था स्वतःच या कायद्याखाली येतात. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागानं तर 15 एप्रिल 2013 च्या सूचनांत सांगून ठेवलं आहे की खासगी भागीदारीतल्या प्रकल्पांचे करारनामे, प्रकल्प अहवाल, देखभालीच्या पुस्तिका कार्यालयांनी कुणी मागण्याची वाट न बघता जाहीर कराव्यात. मागण्याआधीच!

जगात काय चाललंय तेही बघितलं, राहवेना. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत तर थेट खासगी संस्थेकडूनही, आपला एखादा हक्क बजावण्यासाठी गरज असेल तर, माहिती मागण्याचा अधिकार आहे, आणि 2000 साली त्यांनी त्याचा कायदा केला. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सरकारी सेवेच्या करारातच लिहावं लागतं की ठेकेदार सार्वजनिक अभिलेख जपेल आणि जनतेला बघायला देईल. ब्रिटनमध्ये दवाखान्यांपासून तुरुंगांपर्यंत असंख्य सरकारी कामं घेणारी कॅरिलियन ही कंपनी जानेवारी 2018 मध्ये कोसळली, आणि वर्षभरानं तिथल्या माहिती आयुक्तांनी संसदेला अहवाल देऊन मागणी केली की सरकारी कामं करणाऱ्या कंपन्यांना तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली आणा. मला यातलं फ्लोरिडाचं सगळ्यात पटलं. त्यासाठी नवा कायदा नको, मोठं आंदोलन नको. निविदेच्या मसुद्यात एक परिच्छेद घातला की झालं. आपल्या महापालिकांनी, जिल्हा परिषदांनी तो का घालू नये? नगरसेवकाला विचारायला हा नेमका प्रश्न आहे.

एका गोष्टीची मात्र मनापासून काळजी वाटते. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम 8(1)(जे) बदललं, आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू झाला. आधी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागे, आणि जनहिताचा विचार त्याच कलमात होता. आता सरळ ‘व्यक्तिगत माहिती’ एवढंच उरलं. हजेरीपटावर काय असतं? नावं! ठेकेदारानं खरी माणसं कामावर ठेवली की कागदी, हे नावांशिवाय कसं ताडायचं? कोट किरानाच्या मैदानात जी नावं वाचली गेली तीच आता झाकली जाण्याची भीती आहे. हा बदल चुकीचा आहे आणि तो मागे घेतला गेला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर कलम 8(2) शाबूत आहे: जनहित हे हानीपेक्षा मोठं असेल तर सूट मिळालेली माहितीही देता येते. अर्जात ते कलम लिहायला विसरू नका.

तर आता कामाचं. उत्तर प्रदेशात अर्जाला 500 शब्दांची मुभा आहे, महाराष्ट्रात 150 शब्द आणि एका अर्जात एकच विषय, म्हणून नेमकं लिहा. कारण सांगायची गरज नाही. कलम 6(2) प्रमाणे ते कुणी विचारूही शकत नाही. कार्यालय चुकलं तर अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम. उत्तर आलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग नव्वद दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाकडे. इथे लखनौत तो गोमती नगरच्या आरटीआय भवनात बसतो. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो. आमच्या गल्लीतल्या दोघीतिघींनी आता आपापले अर्ज टाकलेत; एकीनं उद्यानाच्या देखभालीचा करार मागितला आहे, एकीनं कचरागाडीचं लॉगबुक.

तुम्हीही टाका. तुमच्या दारासमोरचं कुठलंही एक काम निवडा, रस्ता, दिवा, गटार, पाण्याची टाकी, आणि लिहा: ‘या कामाचा करारनामा सर्व अटी-शर्तींसह, कार्यादेश, आणि कराराप्रमाणे ठेकेदारानं ठेवायच्या सर्व नोंदवह्यांची यादी मिळावी; अभिलेख ठेकेदाराकडे असल्यास कलम 2(जे) प्रमाणे ते कार्यालयाच्या नियंत्रणाखाली असल्यानं मागवून द्यावेत.’ शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. याच आठवड्यात टाका.